ओल्या वाळूच्या दगडावर

मी लष्करातला निवृत्त हवालदार, राहणार जेऊर, जिल्हा सोलापूर. नोकरीत असताना एकदा आमचं युनिट मध्य प्रदेशात होतं. जवानांच्या रॉक क्लाइंबिंगसाठी कॅम्पजवळचे वाळूच्या दगडाचे कडे चालतील का, हे तपासून रिपोर्ट द्यायचं काम माझ्याकडे आलं. जोडीला नायक सलीम, कुर्डुवाडीचा. एका जिल्ह्याचे म्हणून तो मला दादा म्हणायचा आणि माझी शेंगाचटणी न विचारता संपवायचा.

०६३० ला निघायचं. हातोडीनं दगड ठोकायचा. टणटण वाजला तर पक्का, धप् वाजला तर पोकळ. मग एकानं कंबरेला दोर बांधून चढायचं, भेगांत लोखंडी खुंट्या ठोकून दोर त्यांत अडकवायचा. दुसऱ्यानं खालून दोर सांभाळायचा. पाच दिवसांत तीन कडे पास झाले.

सहाव्या दिवशी पहाटेपर्यंत पाऊस होता. कड्याखाली शेळ्या राखणारा म्हातारा म्हणाला, "पत्थर ने पानी पिया है साहब. दो दिन रुको."

मला हसू आलं. आमच्याकडचा काळा दगड पाऊस थांबला की तासाभरात कोरडा होतो. ११०० ला हा कडाही वरून हाताला कोरडाच लागला; वाळूचा दगड आत पाणी धरून ठेवतो, हे ठाऊक नव्हतं. गावची अक्कल मी परमुलखात पाजळली.

सलीमनं दगड ठोकून पाहिला. "दादा, आवाज पटंना. उद्या बघू की."

"संध्याकाळी रिपोर्ट द्यायचाय. चढ."

तो चढला. ११३० ला चाळीस फुटांवर होता. माझ्या हेल्मेटवर वाळू गळायला लागली.

"सलीम, खाली ये!"

"पायाखालचा दगड हलतोय, दादा. लई भ्या वाटतंय."

"दोर मी धरलाय. हळू उतर."

मीही भ्यालो होतो, फक्त आवाज सांभाळला. त्यानं दोरावर भार टाकला. वरची खुंटी दगडाच्या ढेकळासकट निघाली. मग दुसरी. मग तिसरी. हातातला दोर एकदम सैल पडला. मी वायरलेसवर कॅम्पला कळवलं.

"अल्फा, मी ब्राव्हो. कॅज्युअल्टी एक. कड्यावरून पडला. ओव्हर."

"ब्राव्हो, स्ट्रेचर पार्टी निघाली. वीस मिनिटं. ओव्हर."

सलीम शुद्धीवर होता. "दादा, दोर सोडू नको," म्हणाला.

"धरलाय," मी म्हणालो.

११४५ ला त्याचा श्वास थांबला. स्ट्रेचर त्यानंतर आलं.

चौकशीत 'दगड फुटून अपघात' अशी नोंद झाली. त्याच्या अम्मीलाही मी तेवढंच सांगितलं होतं. आता सोलापूरची चढाई करणारी तरुण मंडळी मला कडे तपासायला नेतात. दगडाला हात लावला की अजून घाम फुटतो. गेल्या महिन्यात राहवेना, म्हणून कुर्डुवाडी गाठली आणि अम्मीला सगळं सांगितलं. म्हातारा नको म्हणत होता, सलीमही नको म्हणत होता, चढ म्हणालो तो मी.

अम्मीनं एकच विचारलं.

"माझा सल्लू भ्याला हुता का रे?"

"नाही, अम्मी," मी म्हणालो. तेवढं एक खोटं बोललो.