बानूभाभीचे बिनदुधाचे लाडू

बानूभाभीला आपण ओळखतो, असं सर्जेराव आप्पांना उभा जन्म वाटत होतं. तिला माती देऊन परतताना सोबतच्या माणसांत कुणीतरी सहज बोललं, की भाभीचं माहेर कवठे येमाईचं, आणि आप्पा चालता चालता थांबले. एका बांधाचा शेजार, आणि एवढीशी गोष्टही त्यांना ठाऊक नव्हती. तिला भावंडं किती, ती कधी शाळेत गेली का, शेखलालशी लग्न होऊन केडगावात राहायला आली तेव्हा तिला इथलं पाणी मानवलं का, कशाचाच पत्ता नव्हता. ठाऊक होता तो तिचा राग आणि तिच्या हातची चव. दोन्ही बांधावरूनच यायचं.

तिच्या रागाचं मूळ दुधात होतं. दूध पोटात गेलं की तिच्या अंगावर गांधी उठायच्या, गळा सुजायचा. सासरी कुणाचा विश्वास बसला नाही. नखरे करते, म्हणून सासूनं एकदा शेवयांत गुपचूप दूध घालून बघितलं, आणि सून निळी पडल्यावर शेजारणीला सांगितलं की दृष्ट लागली. तेव्हापासून भाभीनं आपली चूल आपल्या हातात घेतली. तूप नाही, दही नाही, खवा नाही. बाजरी भाजून दळायची, त्यात तीळ, सुकं खोबरं, दाण्याचा कूट आणि गूळ घालून घाण्याच्या तेलावर लाडू वळायची. शेंगदाणे भिजवून पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळायची आणि त्या पांढऱ्या पाण्यात गव्हाची खीर शिजवायची. ईदचा शिरखुर्मासुद्धा नारळाच्या रसात. सकाळी नाचणीची गुळाची पेज, नाहीतर ज्वारीची धपाटी. ज्या गावात बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना तुपाची धार लागते, तिथं हिचं खाणं म्हणजे थट्टेचा विषय. दुष्काळी पंगत, असं लोक म्हणत. भाभी तोंडावर सांगायची, की तुमच्या तुपाखाली पदार्थ कसा झालाय ते तुम्हालाच कळत नाही.

पुढं आप्पांच्याच घरात तसलं लेकरू जन्मलं. थोरल्या मुलाची, पृथ्वीराजची पोर भाग्यश्री. दावणीला चार म्हशी, आणि पोरीला दुधाचा थेंब चालेना. आप्पांच्या बायकोला, सरूबाईला, हा आपल्या गोठ्याचा अपमान वाटला. डॉक्टरला काय कळतंय, म्हणून ती पोरीच्या भाताला तूप लावायची आणि मग सून अनुपमा रात्रभर पोरीला मांडीवर घेऊन बसायची. एकदा रेशनच्या रांगेत भाभीनं पोरीच्या ओठाकडं बघितलं आणि अनुपमाला विचारलं, की हिला बी माझ्यासारखंच हाय का गं. त्या दिवसापासून भाग्यश्रीचा नाष्टा आणि गोडधोड बांधापलीकडून येऊ लागलं. पोर बाळसं धरू लागली. पोरीनं भाभीला भाभीआजी म्हणायला सुरुवात केली, आणि सरूबाईचं तोंड आणखी आंबट झालं.

यंदा दिवाळीनंतर बापूसाहेबांनी आपलं गुऱ्हाळ पुन्हा सुरू केलं. बापूसाहेब म्हणजे गावातली मोठी असामी, दूध डेअरीचे चेअरमन. भाभीचा नवरा शेखलाल त्यांच्याकडं गुळव्या होता. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे त्याच्या नजरेला कळायचं. तो गेल्यावर गुऱ्हाळ कित्येक वर्षं बंदच राहिलं. आता उत्तरेकडचा नवा गुळव्या आणला होता. पहिल्या आधणाचा गूळ शेजारपाजारी वाटायची तिथली रीत, म्हणून एक ढेप भाभीकडंही आली. नवऱ्याच्या मानाची ढेप म्हणून तिनं ती डोळ्याला लावली आणि त्याच दिवशी लाडू वळले. पहिला डबा भाग्यश्रीला, स्वतः चाखायच्याही आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीनं लाडू खाल्ला आणि घटकाभरात तिचे ओठ सुजले, छाती घरघरायला लागली. पृथ्वीराजनं गाडी काढली, अनुपमानं पोरीला पोटाशी धरलं आणि दौंड गाठलं. इंजेक्शन दिल्यावर पोर शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, पोटात दूध गेलंय. अनुपमानं फोन करून तेवढंच सांगितलं, आणि सरूबाईनं फोन खाली ठेवला तो थेट भाभीचं दार गाठलं. आप्पा मागून गेले. वस्तीवरची माणसं गोळा व्हायला वेळ लागत नाही.

“बानू, दूध घातलंस तू,” सरूबाई म्हणाली. “चव येईना म्हणून घातलंस. लोकाचं लेकरू म्हंजी खेळणं वाटलं व्हय तुला?”

भाभी पिठाच्या हातानं बाहेर आली. पोर कशी हाय, एवढं तिनं आधी विचारलं. बरी आहे, असं आप्पांनी मागून सांगितलं. मग तिचा चेहरा बदलला.

गर्दीत तात्याबा होता. कुणाच्याही भांडणात तो कडेला बसून तेल ओततो. तो म्हणाला, “भाभी, खवा घातला आसंल. माणूस म्हातारपणी चवीला बळी पडतंय.”

दोघं-तिघं हसले. भाभी आत गेली, लाडवांचा डबा घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली. सगळ्यांसमोर तिनं एक लाडू खाल्ला. मग दुसरा खाल्ला. पदराला हात पुसले आणि म्हणाली, “आता बसा. कुणी हलायचं न्हाई. दूध आसंल तर माझ्या अंगावर दिसंल.”

माणसं थांबली. थोड्या वेळानं भाभीचा हात मानेकडं गेला. मग दंडाकडं. तिनं बाही वर केली तर कोपरापासून लालभडक गांधी उठत चालल्या होत्या. ती आपल्याच हाताकडं अशी बघत राहिली, की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

“झालं की,” तात्याबा म्हणाला. “अंगच बोललं.”

सरूबाई घराकडं वळली. भाभीनं दार लावून घेतलं. आप्पा तिथंच उभे राहिले. जिनं आपल्या चुलीपाशी दुधाचा थेंब येऊ दिला नाही, ती दूध घातल्याचं माहीत असून चारचौघांत दोन लाडू खाईल का, हा साधा प्रश्न त्यांच्या मनात आला होता. पण गर्दीत बोलायची त्यांना सवय नव्हती. तोवर माणसं पांगलीही होती.

संध्याकाळी पोर घरी आली. दुसऱ्या सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलेल्या प्रत्येकानं ही गोष्ट ऐकली. दुपारपर्यंत ती भांडगावपर्यंत पोचली होती, आणि पोचेपर्यंत तिच्यात दुधाच्या जागी विष आलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाभीनं बांधावरून हाक मारली. तिचा गळा बसला होता, डोळे सुजले होते. आदल्या दिवसभर तिनं एकेक जिन्नस वेगळा खाऊन बघितला होता. पीठ, तीळ, खोबरं, कूट, तेल. शेवटी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि गांधी उठल्या.

“आप्पा, गुऱ्हाळावर चला माझ्यासंगं,” ती म्हणाली. “एकटी गेले तर मालक मला उडवून लावतील. तुम्ही नुसतं उभं ऱ्हावा. बोलू नका. तुम्हाला ते जमत बी न्हाई.”

आप्पा गेले. गुऱ्हाळावर काहील उकळत होती, मळी वर येत होती. भाभीनं गुळव्याला विचारलं, रसात काय काय घालतोस. त्यानं मळी काढायच्या भेंडीच्या पाण्याची बादली दाखवली, चुन्याची निवळी दाखवली. दूध घालतोस का, असं विचारल्यावर तो मोकळेपणानं म्हणाला, “हम नहीं डालते, माताजी. पहली कढ़ाई में मालिक ने खुद डाला. पूजा का. पूरा घड़ा.”

ही बापूसाहेबांच्या घरची जुनी रीत होती. पहिल्या आधणाला दुधाचा नैवेद्य, तोही काहिलीतच. त्यांची आई पेलाभर सोडायची. यंदा मोबाईलवर चित्रण चाललं होतं, म्हणून बापूसाहेबांनी अख्खी कळशी ओतली होती.

भाभी उसाच्या चिपाडांच्या ढिगावर मटकन बसली. तिला एक गोष्ट आठवली, ती तिनं आप्पांना तिथंच सांगितली. शेखलाल दर साली नवा गूळ दुसऱ्या दिवशी आणायचा. पहिल्या आधणाचा करपट असतो, तो आपल्याला नको, म्हणायचा. भाभीला ते खरं वाटायचं. त्याला रीत माहीत होती, बायकोचं दुखणंही माहीत होतं, आणि त्यानं उभ्या संसारात एका शब्दानं ते सांगितलं नव्हतं. आप्पांना वाटलं आता ही रडेल. ती भडकली.

“मला जपलं म्हणून मिरवायचं न्हवतं तर न्हवतं,” ती म्हणाली. “पर सांगायचं तरी हुतं. त्या मुक्या माणसापायी आज लेकरू गेलं असतं.”

तेवढ्यात बापूसाहेब आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, देवाचं असतंय ते, मुद्दाम कुणी केलंय का, आणि एवढ्या रसात कळशीभर दुधाचा काय हिशेब. मग गड्याला सांगितलं, भाभींना कालच्या आधणातली ताजी ढेप द्या.

भाभी उठली. “ढेप नको. माझ्या दारात दूध घातलं म्हणायला माणसं जमली हुती. घातलं न्हाई म्हणायला का नकोत? तुम्ही मालक हाय, चेअरमन हाय. चारचौघांत सांगा.”

बापूसाहेबांचं हसू मावळलं. गावात एवढीही अक्कल राहिली नाही का, की प्रसादाला नाव ठेवू नये, असं ते आप्पांकडं बघून म्हणाले आणि फोन कानाला लावून पलीकडं गेले. भाभी पाठ फिरवून चालू लागली. वाटभर तिच्या चपला आपटत होत्या.

घरी येऊन आप्पांनी सगळं सांगितलं. अनुपमानं डोळ्याला पदर लावला. सरूबाई बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, मला तरी काय माहीत, मी काय मुद्दाम बोलले का. तिनं अनुपमाच्या हाती साडी-चोळी पाठवली. ती तशीच परत आली, घडी न मोडता. भाभीचा निरोप होता की मला नेसायला हाय, ज्या तोंडानं बोललीस ते तोंड घेऊन ये. सरूबाई गेली नाही. माघार घेणं तिला जन्मात जमलं नव्हतं, आणि बापूसाहेबांच्या प्रसादाविरुद्ध बोलायचं तर आणखीच जड.

भाग्यश्री मात्र नाष्ट्याला बसायची आणि ताटाकडं बघत राहायची. अनुपमा जमेल तसं करायची, पण तिची पेज गाठी धरायची आणि लाडू फुटायचे. आप्पा रोज सकाळी ते बघायचे. आयुष्यात त्यांना राग आला नव्हता असं नाही. तो बाहेर काढायची वाट सापडली नव्हती.

एका सकाळी ते पृथ्वीराजच्या हातातली दुधाची किटली घेऊन स्वतः डेअरीवर गेले. रांग मोठी होती. काट्याशेजारी खुर्चीवर बापूसाहेब बसले होते, पुढं तात्याबा होता. आप्पांचा नंबर आला. त्यांनी किटली काट्यावर ठेवली नाही, खाली ठेवली. हात मागं बांधले.

“बानूभाभीनं लाडवात दूध घातलं न्हवतं,” ते म्हणाले. “दूध गुळात हुतं. बापूसाहेबांनी काहिलीत कळशी ओतली, ते गुळव्यानं माझ्यासमोर सांगितलंय. माझी नात त्यापायी मरता मरता वाचली. आन् आमच्या घरानं त्या बाईला गावासमोर खोटं पाडलं. ज्यांनी ज्यांनी ही गोष्ट पुढं नेली, त्यांनी आता ही बी न्यावी.”

तात्याबा पुटपुटला, “आप्पा बोलले. आज दुधाचं फॅट वाढतंय बघा.” पण त्याच्या विनोदाला कुणी हसलं नाही. बापूसाहेब वहीत बघत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, की आता चूक झाली म्हणायची, दुसरं काय. ते इतकं हळू म्हणाले की मागच्यांना ऐकू गेलं नाही. तेव्हा रांगेतली म्हाळसा मोठ्यानं म्हणाली, “मालक, जरा जोरात. भाभीचं नाव घेताना आवाज बारीक न्हवता कुणाचा.” बापूसाहेबांना परत म्हणावं लागलं.

ही बातमीही गेली, पण चालत गेली. पहिली पळत गेली होती. भाभीकडं पोचली तेव्हा काय झालं, ते अनुपमानं सांगितलं. चुलीवरची कढई उतरवून भाभीनं एवढंच विचारलं, पोरीनं सकाळी काय खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून नाष्टा सुरू झाला. पण भाभी पुन्हा कधी आप्पांच्या घराची पायरी चढली नाही. सरूबाई दिसली की ती तोंड फिरवायची. सरूबाईही शेवटपर्यंत तिच्या दारात गेली नाही. हा राग मिटला, असं म्हणणं खोटं होईल. तो दोघींनी जपून ठेवला.

माघात थंडी परत आली त्या सुमारास एका संध्याकाळी आप्पा ज्वारीवरची पाखरं हाकून घरी निघाले होते. भाभी बांधाजवळ सुपात तीळ पाखडत होती. त्यानंतर चारच दिवसांनी ती झोपेतच गेली, पण त्या संध्याकाळी तसं काहीच दिसत नव्हतं. आप्पांना बघून तिनं सूप खाली ठेवलं.

“पोरीला उद्या सकाळी काय देऊ?” तिनं विचारलं. “तिला इच्यारलं तर सांगंना.”

“काय बी द्या, भाभी.”

“काय बी म्हंजी काय? तसलं काय मी करत न्हाई. नाव सांगा.”

आप्पांनी जरा विचार केला. “धपाटी द्या.”

“तिखट कमी?”

“व्हय. कमीच.”

“बरं,” ती म्हणाली.