शेपूट

उपनगरांत शास्त्रीय संगीताची जुनी ध्वनिमुद्रणं जमवणाऱ्या बारा जणांचा आमचा एक व्हॉट्सॲप गट आहे. मुलुंड, बोरिवली, अंधेरी, बहुतेक निवृत्त. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकानं 'नवी भर' या मथळ्याखाली आपली यादी टाकायची आणि बाकीच्यांनी जोडलेले हात पाठवायचे, असा शिरस्ता आहे. आम्ही एकमेकांना 'गुरुवर्य' म्हणतो. गाता कोणालाच येत नाही.

यादीत न लिहिला जाणारा एक रिवाजही आहे. कोणाला मैफलीची प्रत द्यायची वेळ आली की शेवटचा तुकडा कापून द्यायचा. म्हणजे प्रत उद्या गावभर फिरली तरी पूर्ण मैफल आपल्याकडेच राहते. या तुकड्याला आम्ही शेपूट म्हणतो. मी या प्रकाराची मनापासून टिंगल करत असे. संग्राहकांच्या तोऱ्यावर एका दिवाळी अंकात मी लेखही लिहिला होता आणि लोक हसले होते. शेपूट मीही कापत होतो. लेखात तेवढं यायचं राहिलं.

गेल्या वर्षी घाटकोपरला एका दिवंगत इंजिनिअरचं घर रिकामं होत होतं. त्यांच्या मुलांनी कॅसेटींची गोणी मला देऊन टाकली. तीत एका बुवांची घरगुती मैफल निघाली. पहिल्या कॅसेटवर दोन राग, दुसरीवर फक्त अकरा मिनिटांची भैरवी. भैरवीच्या मध्येच बुवा म्हणतात, "घे गं," आणि एक मुलगी एकच ओळ गाते. मग पुन्हा बुवा. माझ्या वहीत मी लिहिलं: 'मध्ये एक स्त्री-स्वर. अनोळखी. कच्चा.' तेवढी ओळ काढून टाकली तर भैरवी स्वच्छ होईल, असंही मनात आलं होतं. त्या महिन्याच्या 'नवी भर'मध्ये मी दोनच राग जाहीर केले.

दोन आठवड्यांनी एका बाईंचा फोन आला. आमच्या गटातल्या कोणीतरी नंबर दिला होता.

"त्या मैफलीला तंबोऱ्यावर मी होते," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांची होते. एकदा ऐकायला मिळेल का?"

जुन्या मैफलींत तंबोऱ्यावर बसल्याचं सांगणारी माणसं एकत्र केली तर एखादं मैदान भरेल. मी सौजन्यानं हो म्हटलं आणि नेहमीची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. नेहमीची म्हणजे कापलेली.

त्या चारकोपला, सेक्टरमधल्या एका बैठ्या घरात मुलगा-सुनेबरोबर राहतात. वडील गिरणीत होते. लग्नानंतर गाणं सुटलं, पुढे बालवाडीत शिकवलं. हे सगळं त्यांनी चहा येईपर्यंत सांगून टाकलं, तक्रारीचा सूर न लावता. सून जमिनीवर बसून वाल सोलत होती. तिनंच उठून पेन ड्राइव्ह टीव्हीच्या पाठीत खुपसला.

दीड तास बाई हलल्या नाहीत. उजव्या हाताची बोटं तेवढी मांडीवर तारा छेडत होती. मैदान भरायची माझी गंमत तिथेच विरली. दुसरा राग संपला, टीव्हीवर फायलींची यादी परत आली. बाई त्या यादीकडे बघत राहिल्या.

"पुढे?"

"एवढंच आहे, ताई."

"भैरवी होती. बुवांनी मला 'घे' म्हटलं होतं. एक ओळ मी एकटीनं म्हटली."

सून वाल सोलता सोलता म्हणाली, "आई सारखं सांगतात. आमच्याकडे पोरं चिडवतात पण, आजीची भैरवी आली म्हणून." आवाजात प्रेम होतं. विश्वास नव्हता.

म्हणजे त्या गाणं ऐकायला बसल्याच नव्हत्या. घरातल्यांसमोर त्यांना खरं ठरायचं होतं, आणि त्यासाठी लागणारी ओळ मुलुंडला माझ्या टेबलावर, 'कच्चा' असा शेरा घेऊन पडली होती.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "टेप संपली असावी. त्या काळी नव्वद मिनिटांच्याच असायच्या."

बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "हं. असेल," म्हणाल्या, आणि सुनेला सांगितलं, "यांना अजून अर्धा कप दे गं."

तो अर्धा कप मी प्यायलो.

घरी बायकोला मी यातलं निम्मंच सांगितलं. उरलेलं तिनं ओळखलं. "कापून दिलंस ना रे तिलाही?" ती म्हणाली. "आणि दिवाळी अंकात दुसऱ्यांना हसतोस."

पुन्हा जायला मला नऊ दिवस लागले. खरं सांगायचं म्हणून नव्हे, खोटं नीट जुळवायचं म्हणून. दुसरी कॅसेट गोणीच्या तळाशी सापडली, असं ठरलं. चारकोपला दार उघडताच मी ते म्हणून टाकलं. सून म्हणाली, "अरे वा, नशीब आईंचं," आणि पेन ड्राइव्ह लावला.

"घे गं," बुवा टीव्हीतून म्हणाले. मग ती ओळ. आवाज कापरा होता, दुसऱ्या शब्दावर श्वास कमी पडत होता, आणि सूर जिथे लागायला हवा तिथे बरोबर लागला होता. वहीत हे शेवटचं मी लिहिलं नव्हतं.

सुनेच्या हातातला रिमोट तसाच राहिला. "आई, हा तुमचा आवाज?"

"मग कोणाचा?" बाई म्हणाल्या. "परत लाव. आणि पोरांना हाक मार बाहेरून."

ओळ सहा वेळा लागली. पोरं आधी हसली, मग टीव्हीजवळ सरकली. धाकटी आजीला टेकून बसली.

निघताना बाई दाराबाहेर आल्या. चपला घालत मी पुन्हा एकदा तळाशी सापडलेल्या कॅसेटचं सुरू केलं.

"दुसरी टेप लावताना मी बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या समोरच बसले होते ते इंजिनिअर. टेप बदलेस्तोवर थांबा म्हणून त्यांनी बुवांना हातानं खूण केली, मगच भैरवी सुरू झाली."

मी चपलेच्या पट्ट्याशी झटत राहिलो. पट्टा केव्हाच लागला होता. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"सून समोर होती. घरी आलेल्या माणसाला खोटं कसं पाडायचं?" मग म्हणाल्या, "आणलीत ना. झालं."

त्या रविवारी 'नवी भर'मध्ये मी भैरवी जाहीर केली, बाईंचं नाव घालून, आणि अख्खी फाईल सगळ्यांना पाठवली. अकरा जोडलेले हात आले. सापडली कुठे, हे कोणी विचारलं नाही. अंधेरीच्या गुरुवर्यांनी तेवढा वेगळा निरोप पाठवला: "शेपटासकट? बरा आहेस ना?"

वहीत 'अनोळखी' खोडलं, 'कच्चा'ही खोडलं. आजवर दिलेल्या प्रती मोजल्या तर चाळीसेक भरतील. त्या सगळ्या कापलेल्याच आहेत. कोणाला काय हवं होतं, मी विचारलं नव्हतं. फोन नंबर आहेत. अजून एकही लावलेला नाही.