गोलसमोरची बडबड

फुटबॉलवर मी पोट भरलं, हे आमच्या पावस गावात अजून कुणाला खरं वाटत नाही. आमच्याकडे खेळ म्हणजे क्रिकेट. गोलकीपर म्हटलं की लोक विचारत, "म्हणजे नुसतं उभं राहायचं ना?" होय, नुसतं उभं राहायचं. चेंडू पलीकडच्या टोकाला गेला की सगळं मैदान तिकडे बघतं, आणि आपण दोन खांबांमध्ये, पंगतीला कुणी न बोलावलेल्या पाहुण्यासारखे. फार एकटं वाटायचं. चुकलो की मात्र सगळ्यांना आपण दिसतो. टीव्हीसमोर बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं तर नावच नको.

झेलायला मला बाबांनी शिकवलं. ते काठीला जाळी बांधलेला झेला घेऊन हापूसच्या झाडावर चढत, मी खाली उभा. आंबा जाळीतून निसटला की वरून ओरडत, "धर रे!" जमिनीला लागलेला आंबा पेटीत जात नाही, रसाच्या कारखान्यात कॅनिंगला जातो, कवडीमोलाने. म्हणून तो हळूच अंगाशी घ्यायचा. पुढे चेंडूही मी तसेच घेतले. बाबांनी मला एकदा तरी मैदानात बघावं, एवढंच मला हवं होतं. पण महत्त्वाचे सामने नेमके आंब्याच्या दिवसांत यायचे, आणि फोनवर त्यांना खेळ समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आई गेल्यावर तर ते बाग सोडून कुठे जाईनातच.

एका वर्षी मोहोर गळला, आंबा धरलाच नाही. बाबा गोव्याला माझ्या क्लबचा सामना बघायला आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्या दिवशी मी एक पेनल्टी अडवली. तशी पुन्हा कधी जमली नाही. आम्ही जिंकलो. बाहेर आलो तर बाबा गेटपाशी उभे. आता पेनल्टीबद्दल बोलतील, मग बोलतील, म्हणून मी वाट बघत राहिलो.

चहा पिताना म्हणाले, "तू तिथं एकटाच बडबडत होतास. कोणाशी रे?"

"कोणाशी नाही, बाबा. सवय आहे."

"मी बॉल बघितलाच नाय. तुझ्याकडंच बघत होतो." कप खाली ठेवून म्हणाले, "तुझी आय गेल्यापासून मी पण बागेत असाच बडबडतो. दोघांनी दोन ठिकाणी कशाला बोलायचं? घरी ये."

मला रागच आला. एवढी पेनल्टी अडवली आणि यांना माझी बडबड दिसली! "करार संपला की येतो," म्हटलं.

करार संपायच्या आधीच बाबा गेले.

आता बाग मी बघतो. झेला घेऊन झाडावर चढतो आणि दिवसभर बोलत असतो. परवा जाळीतून एक आंबा निसटला, आणि मी वरून ओरडलो, "धर रे!"

खाली कोणी नव्हतं. तो आंबा कॅनिंगला गेला.