खिडकीजवळचा फुगा

आमच्या कॉलेजच्या वाचनालयात खिडकीजवळ जमिनीवरची व्हिनाइल शीट फुगली आहे. पाय पडला की सुस्कारा सोडते. ती माझ्या बाबांनी बसवली, हे इथे कुणाला माहीत नाही.

ओल तपासायला त्यांनी आधी जमिनीवर रात्रभर प्लास्टिक चिकटवून ठेवलं होतं. सकाळी त्याखाली थेंब दिसले. "साहेब, ओल आहे. हे चिकटवायचं सोल्युशन धरणार नाही, दुसरं आणा," बाबा म्हणाले.

"उद्या उद्घाटन आहे. लाव मुकाट्याने," ठेकेदार म्हणाला.

काल मित्राने फुगा पायाने दाबला. "कुठल्या गाढवाने लावलंय रे?" मीही हसलो.

घरी बाबांनी विचारलं, "धरलंय ना रे अजून?"

"हो."

दाबलेली ओल जात नसावी, फक्त सरकत असावी. आज मी फुग्याला वळसा घालून गेलो. तरी मागून सुस्कारा आला. वळून पाहिलं, तिथे कुणीच नव्हतं.