चार केबीची फाईल

भंडाऱ्याच्या एका सरकारी कचेरीत मी कंत्राटावर संगणक चालवतो. धरणात गाव गेलेल्यांच्या नोंदी आमच्या सर्व्हरवर आहेत. रोज दुपारी त्या डेटाबेसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची अख्खी नक्कल, वेगळ्या डिस्कवर घेणं हे माझं काम. प्रत्येक नकलेत मोठ्या फायलींसोबत एक चिमुकली मेटाडेटा फाईल असते. कोणता तुकडा कोणत्या तक्त्याचा, कोणत्या क्रमाने जोडायचा, ते तिच्यात असतं.

एकदा डिस्क भरली. त्याच डिस्कवर साहेबांच्या मुलीच्या लग्नाचं चार कॅमेऱ्यांनी केलेलं चित्रीकरण होतं. त्याला हात लावायची माझी टाप नव्हती. साहेब खुर्ची ओढून बसले.

"ह्या बारक्या फायली कायले जमा करून राहिला?"

"साहेब, त्यांच्याशिवाय बाकीचं जुळणार नाही."

"चार केबीची फाईल काय जुळवते? उडव. आन् रोजच्या रोज उडवत जाय."

एवढ्याने डिस्कवर जागा होत नसते, हे मला ठाऊक होतं. तरी उडवल्या. माझ्या कंत्राटावर सही त्यांचीच लागते. डिस्क भरलेलीच राहिली. साहेब समाधानाने चहाला गेले.

मग रोज सर्वांत जुनी नक्कल पुसून मी नवीला जागा करत गेलो, आणि तिचीही बारकी फाईल उडवत गेलो. पुढच्या महिन्यात सर्व्हर बसला. नव्या यंत्रावर मी नक्कल चढवायला घेतली, तर प्रोग्राम एकही तुकडा ओळखेना. बाहेर बाकावर पुनर्वसनातल्या गावची एक म्हातारी दाखल्यासाठी बसली होती. तिची ती तिसरी खेप.

"आजी, नोंद आहे, पण कोणती कोणाची ते कळून नाही राहिलं."

"गाव बुडवलं तवा तर घर न् घर कळत होतं तुमाले," ती शांतपणे म्हणाली.

फायली माझ्याच बोटांनी उडवल्या होत्या.

नोकरीला लागलो तेव्हा शिकायला म्हणून स्वतःला पाठवलेली एक मेटाडेटा फाईल ईमेलमध्ये सापडली. तिच्यातली नावं, तारखा, क्रम हाताने बदलत चार दिवस बसलो. फोटोंचा तक्ता नंतर जोडलेला, त्या जुन्या फायलीत नव्हता; तो सोडून सगळं परत आलं. म्हातारीला दाखला मिळाला.

"माहा फोटो काहून नाही?"

"वरूनच बंद झाले," साहेब म्हणाले.

माहिती वाचवल्याबद्दल साहेबांना शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात त्यांनी 'मेटाडेटा' हा शब्द सहा वेळा वापरला. एकदाही अडखळले नाहीत. मीच मोठ्या अक्षरात लिहून दिला होता.