आईच्या हातातलं स्टिअरिंग

काल ठाण्यात माजिवड्याच्या सिग्नलला पुढच्या गाडीचा क्लच जळत होता. तो करपट वास आला आणि मला आमची पहिली गाडी आठवली. छोटी, पांढरी, तेव्हा प्रत्येक सोसायटीत दिसायची तशी.

आईला नुकतंच लायसन्स मिळालेलं. नौपाड्याहून कल्याणला मामाकडे जाताना ती म्हणाली, "आज मी चालवणार." बाबा शेजारी बसले, मी मागे. निघाल्यापासून बाबांचं सुरू झालं. "ब्रेक! अगं, क्लच सोड! रिक्षा दिसत नाही का तुला?"

माजिवड्याला आईने गाडी अगदी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. "घ्या, तुम्हीच चालवा," म्हणाली आणि मागे माझ्याजवळ येऊन बसली. तिचे तळहात घामाने ओले होते.

तेव्हा मला वाटलं, आई घाबरली. आता स्वतः गाडी चालवताना ते आठवून चीड येते, कारण ती कुठेच चुकली नव्हती. पुढे पुलाच्या चढावर क्लचचा तसाच करपट वास आला आणि गाडी बंद पडली, ती बाबांच्या हातून. मागून हॉर्न वाजत होते.

ती गाडी आमच्याकडे बरीच वर्षं होती. आईने किल्ली पुन्हा मागितली नाही आणि बाबांनीही कधी दिली नाही.