जहाजावर शक घेणाऱ्या गोकर्णाकाकू

गोकर्णाकाकूंच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला बिनसाखरेचा चहा मिळायचा. साखर संपली म्हणून नव्हे, डबा गळ्यापर्यंत भरलेला असायचा. कप पुढे ठेवून काकू समोर मांडी घालून बसायच्या आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. "वा, छान झालाय" असं कुणी म्हणालं की संपलं. त्याच्याशी मग पावसापाण्याचं बोलणं व्हायचं, कामाचं एक अक्षर नाही. लग्न होऊन मी मोर्शीला आले, शेजारीण म्हणून भेटायला गेले, तेव्हा मलाही तोच चहा मिळाला. एक घोट घेऊन मी सरळ साखर मागितली. तेवढ्यावर आमचं जमलं ते जमलं.

पुढे गल्लीतल्या बायकांचा बचत गट झाला. संत्र्याच्या सालीचं लोणचं आणि जवसाची चटणी, हे आमचं काम. काकू अध्यक्ष आणि मी सचिव. मला हिंदी-इंग्रजी बोलता येतं आणि माझा नवरा मधे बोलत नाही, ही माझी लायकी, असं काकू उघड सांगायच्या. अमरावतीचे दोन-तीन दुकानदार आमचा माल वर्षानुवर्षं घेत होते. काकूंचा त्यांच्यावरही शक होता. शक हा त्यांचाच शब्द. देवळातल्या प्रसादापासून जावयाच्या नोकरीपर्यंत सगळ्यावर त्यांनी तो घेऊन झाला होता.

अशा बाईकडे मुंबईहून एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. मुंबईच्या धक्क्याला परदेशी पाहुण्यांची मोठमोठी जहाजं लागतात, तिथे त्यांचा स्टॉल होता. जहाज लागलं की अख्खं बंदर कमावतं म्हणाले. टॅक्सीवाला, हॉटेलवाला, खेळणी विकणारा, सगळे. तुमचा वऱ्हाडी माल हातोहात जाईल. अट एकच, बरणीवर त्यांच्या स्टॉलचं नाव लागेल आणि माल दुसरीकडे कुठे द्यायचा नाही. बायका हरखून गेल्या. जहाजातल्या मेमसाहेब आपलं लोणचं खाणार म्हणजे काय! चहा पिऊन गृहस्थ म्हणाले, अप्रतिम.

ते गेल्यावर काकूंनी कप विसळला आणि म्हणाल्या, "ज्याले फिक्का चहा गोड लागते, त्याच्या हातात आपलं दुकान द्याचं नाई. अन् मले एक सांगा, जहाजात रांधून देत नसतीन का? पोट भरून उतरलेला मानूस लोनचं काहून घेईन?"

बायकांना ते पटलं नाही. म्हातारी हाती आलेलं घालवते, अशी कुजबुज सुरू झाली, आणि खरं सांगायचं तर त्या कुजबुजीत मीही होते. अमरावतीचे दुकानदार सोडायचे की नाहीत, यावर गट फुटायची वेळ आली. शेवटी काकू म्हणाल्या, मी डोयानं पाहून येतो. बडनेऱ्याहून गाडी पकडून आम्ही दोघी मुंबईला गेलो. पिशवीत चार बरण्या आणि बिनसाखरेच्या चहाचा थर्मास.

जहाज आमच्या तालुक्याच्या कचेरीपेक्षा कितीतरी उंच होतं. मी आ वासून बघत राहिले. काकू जहाजाकडे बघतच नव्हत्या, उतरणाऱ्यांच्या हाताकडे बघत होत्या. पाहुणे उतरले, दारातच उभ्या असलेल्या गाड्यांत बसले आणि गेले. स्टॉलपाशी थोडे थांबले, त्यांनी लाकडी हत्ती उलटेपालटे केले. खाण्याच्या वस्तूला कुणी हात लावला नाही. "पाह्यलं?" एवढंच काकू म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. आता गावात जाऊन काय तोंड दाखवायचं?

आमचं बोलणं ऐकून निळ्या कपड्यातला एक माणूस थबकला. अकोल्याचा निघाला, जहाजावर चादरी धुण्याच्या कामाला. वऱ्हाडी कानावर पडली म्हणून त्याचे डोळे भरून आले. काकूंना काही भरून आलं नाही, हा त्या गृहस्थांचाच माणूस असेल म्हणून त्यांनी आधी थर्मास उघडला. त्यानं घोट घेतला आणि म्हणाला, काकू, साखर टाकाची राह्यली. मग मात्र काकूंनी त्याला कठड्यावर शेजारी बसवून घेतलं.

त्यानं सांगितलं ते असं. पाहुण्यांच्या गाड्या आणि दुकानं जहाजावरच ठरलेली असतात. त्यातलं बंदराच्या फाटकाबाहेरच्या वाट्याला थोडंच येतं. पण जहाजावर राबणारे, गोव्याचे, केरळचे, फिलिपिन्सचे, त्यांना चार तासांची सुट्टी मिळते. ते पायी फाटकाबाहेरच्या गल्लीत जातात, केस कापतात, घरी फोन लावतात, आणि तिखट जेवतात. त्या गल्लीची चूल खरी आमच्यावर पेटते, असं तो म्हणाला आणि आम्हाला तिथेच घेऊन गेला.

गल्लीत पेडणेकरबाईंची खानावळ होती. एकटी बाई, मूलबाळ नाही, हाताखाली एक मावशी. काकूंनी तिलाही थर्मासमधला चहा दिला. बाईंनी चव घेतली, तो मोरीत ओतला आणि दोघींसाठी नवा टाकला. काकू माझ्याकडे बघून चक्क हसल्या. आमचं लोणचं त्या दिवशी निळ्या कपडेवाल्यांच्या ताटात वाढलं गेलं, आणि बरण्या चाटूनपुसून रिकाम्या झाल्या.

अमरावतीची दुकानं सुटली नाहीत, आणि पेडणेकरबाईंच्या खानावळीलाही माल जाऊ लागला, काम वाढून गटात नव्या बायका आल्या. पण शक गेला असं समजू नका. दर हिवाळ्यात पहिलं जहाज लागायच्या वेळी काकू मला घेऊन न सांगता तिथे जायच्या, बाई आपल्या बरणीत दुसऱ्याचं लोणचं भरून विकत तर नाही ना, हे बघायला.

मग एका वर्षी पेडणेकरबाईंचा फोन आला की नवा माल पाठवू नका, पहिलाच पडून आहे. काकूंनी लगेच ताडलं, "ते बाई त्या इस्त्रीवाल्याले मिळाली." आम्ही त्याच आठवड्यात निघालो.

धक्का रिकामा होता. जहाजांनी त्या मोसमात दुसरं बंदर धरलं होतं. गल्लीतला न्हावी खुर्चीतच झोपलेला. खानावळीतली बाकडी टेबलांवर उलटी टाकलेली, आणि वरच्या फळीवर आमच्या बरण्या, आमच्याच नावाच्या, पुसून ओळीनं लावलेल्या. आपल्या नावानं दुसरीकडे विकायला म्हणून इस्त्रीवाले गृहस्थ त्या मागायला आले होते. दुसऱ्याची वस्तू मी कशी देऊ, असं म्हणून बाईंनी त्यांना परत पाठवलं होतं. स्वतःची चूल बंद असताना!

काकूंनी फळीवरच्या बरण्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "मी तुमच्यावर शक घेतला, बाई. चुकलं माह्यं." इतक्या वर्षांत काकूंच्या तोंडून हे मी प्रथमच ऐकलं. लगेच त्यांनी एक बरणी उतरवून वासही घेतला, ते सोडा. सवय ती सवय.

जहाजं पुढच्या हिवाळ्यात परत आली. काकू मात्र गेल्या पावसाळ्यात वारल्या, चार दिवसांच्या तापानं. मी पेडणेकरबाईंना फोन केला. बाईंनी पहिलं काय विचारावं, तर आता कोण येणार? माझ्या मनात चटकन आलं, बघा, माणूस गेलं तरी हिला मालाची पडली आहे. माल थांबणार नाही, मी म्हटलं.

"माल काय, गाडीनं येईल," बाई म्हणाल्या. "ती मला तपासायला यायची, ते मला कळत नव्हतं का? पण एवढ्या लांबून माझ्या दारात दुसरं कोण येत होतं?"

"मी कधी येऊ?" एवढंच मी विचारलं.